मराठी पिक्सेल अक्षरं: फॉन्ट निवडण्यापासून एलईडी बोर्डापर्यंत

पोस्टरसाठी 'प्रेस स्टार्ट टू पी' हा फॉन्ट उतरवून घेतला, वरची ओळ इंग्रजीत टाइप केली, झकास दिसली. मग खाली 'शनिवार, संध्याकाळी ६, दादर' असं मराठीत टाइप केलं आणि ती ओळ एकदम गुळगुळीत, नेहमीच्या फॉन्टमध्ये उमटली. पिक्सेल फॉन्ट, म्हणजे जुन्या व्हिडिओ गेमसारखी चौकोनी ठिपक्यांनी बनलेली अक्षरं, पहिल्यांदा हाताळणाऱ्या बहुतेकांची गाडी इथेच अडते.

याचं कारण साधं आहे. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी, ग्रीक आणि रशियन अक्षरं आहेत, देवनागरी नाही. फॉन्टमध्ये एखादं अक्षर नसलं की कॉम्प्युटर तुम्हाला न विचारता ते दुसऱ्या फॉन्टमधून आणतो. विंडोजवर बहुधा निर्मला यूआय किंवा मंगल येतो, अँड्रॉइडवर नोटो, ॲपलच्या यंत्रांवर कोहिनूर. यातला मंगल घडवला तो र. कृ. जोशींनी, ज्यांनी पवईच्या आयआयटीत कितीतरी विद्यार्थ्यांना अक्षररचना शिकवली. फॉन्ट म्हणून हे सगळे चांगलेच आहेत, पण चौकोनी इंग्रजी अक्षरांच्या शेजारी बसले की दोन वेगवेगळ्या पोस्टरांचे तुकडे चिकटवल्यासारखं दिसतं.

इंग्रजीत पिक्सेल फॉन्टचे जेवढे पर्याय आहेत, त्याच्या पासंगालाही मराठीत नाहीत. म्हणून माझं स्पष्ट मत असं आहे की मराठीसाठी तयार फॉन्टच्या शोधात दिवस घालवू नका. लागतील तेवढी अक्षरं स्वतः काढा. एका पोस्टरला किंवा बोर्डाला वीस-पंचवीस अक्षरं पुरतात, आणि ती काढायला चित्रकला यावी लागत नाही. चौकोन मोजता आले की झालं. ते कसं करायचं, ते आता एकेक पायरीने बघू.

पायरी १: कुठला जुना काळ हवाय ते ठरवा

'रेट्रो' म्हटलं की सगळे एकाच प्रकारचं अक्षर उचलतात. खरं तर जुन्या पडद्यांचे बरेच प्रकार होते आणि प्रत्येकाचं अक्षर वेगळं होतं.

प्रेस स्टार्ट टू पी हा १९८०च्या दशकातल्या नॅमको कंपनीच्या आर्केड खेळांच्या अक्षरांवर बेतलेला आहे. ही अक्षरं ८×८च्या चौकटीत बसतात, कारण त्या काळच्या खेळांचा पडदाच ८×८ पिक्सेलच्या तुकड्यांनी रचलेला असायचा. १९८३च्या निन्टेन्डो फॅमिकॉमचंही तसंच. आपल्याकडे त्याच्या नकला 'टीव्ही गेम' म्हणून घरोघरी आल्या, पिवळ्या-काळ्या कॅसेटसकट. गेमिंगचा कार्यक्रम, लहान मुलांचा वाढदिवस, कॉलेजच्या फेस्टिव्हलमधली स्पर्धा यांना हे वळण शोभतं.

'व्हीटी ३२३' हा जुन्या ऑफिस टर्मिनलवरचा उंच, सडपातळ फॉन्ट आहे. काळ्या पडद्यावरच्या हिरव्या अक्षरांची आठवण करून द्यायची असेल तर हा घ्या. जेसन कॉटके यांनी १९९९ साली केलेला 'सिल्कस्क्रीन' वेबसाइटवरच्या अगदी बारीक शीर्षकांसाठी बनला होता, आणि अजूनही त्याच कामाला तो उत्तम आहे. हे तिन्ही गुगल फॉन्ट्सवर मोफत मिळतात. मुळात शिरायचं असेल तर दोन नावं शोधून त्यांचं काम बघा: १९८४च्या मॅकिंटॉशसाठी शिकागो हा फॉन्ट करणाऱ्या सुझन केर, आणि १९८५मध्ये त्याच यंत्रावर एम्पररसारखे फॉन्ट घडवणाऱ्या झुझाना लिको. कमी पिक्सेलमध्ये अक्षराचं काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हे या दोघींइतकं क्वचितच कोणी दाखवलं असेल.

आणि मुंबईकराला एक चौथा पर्याय आहे: स्टेशनवरचा इंडिकेटर. लाल किंवा पिवळ्या ठिपक्यांतून आधी मराठी, मग हिंदी, मग इंग्रजी असं फिरणारं अक्षर. हे अक्षर आपण रोज वाचतो आणि ते मराठीतच असतं. 'लोकल' हा विषय असलेली गणपतीची सजावट, चाळीच्या स्नेहसंमेलनाचं पोस्टर, मुंबईवरचं पाक्षिक, अशा कामांना आर्केडपेक्षा हेच वळण जवळचं वाटतं. मी स्वतः मुंबईच्या विषयाला नेहमी इथूनच सुरुवात करेन.

पायरी २: आकार पटीतच ठेवा

पिक्सेल फॉन्टचा सगळ्यात महत्त्वाचा नियम हाच. ८च्या चौकटीवर बनलेला फॉन्ट ८, १६, २४, ३२, ४० अशाच आकारात वापरायचा. व्हीटी ३२३ला १६ची पट.

२० पिक्सेल ठेवला तर काय होतं? २० भागिले ८ म्हणजे अडीच. अर्धा पिक्सेल पडद्यावर असत नाही. मग कॉम्प्युटर एक रेघ दोनची काढतो, शेजारची तीनची, नाहीतर कडांना राखाडी रंग फासतो. लांबून 'काहीतरी बिघडलंय' एवढंच कळतं, काय बिघडलंय ते कळत नाही. आकाराच्या खान्यात आकडा हाताने लिहा. कोपरा धरून ओढू नका. आणि एकाच पोस्टरवर दोन आकार असतील तर शक्यतो एक दुसऱ्याच्या दुप्पट ठेवा. चौकोनांचे तीन-चार वेगवेगळे आकार एकत्र आले की जाळीचा भास मोडतो.

पायरी ३: धुरकटपणा बंद करा

फोटोशॉपमध्ये मजकुराचं अँटी-अलियासिंग, म्हणजे कडा राखाडी करून गुळगुळीत दाखवण्याची सोय, 'नन' करा. चित्र मोठं करताना 'निअरेस्ट नेबर' निवडा आणि टक्केवारी २००, ४००, ८०० अशी पूर्ण पटीत द्या. गिंपमध्ये हेच काम 'इंटरपोलेशन: नन' करतं, आणि काढताना ब्रशऐवजी पेन्सिल घ्यायची. वेबसाइटवर चित्र टाकणार असाल तर सीएसएसमध्ये 'इमेज-रेंडरिंग'ला 'पिक्सलेटेड' ही किंमत द्या.

फाइल पीएनजी ठेवा. जेपीजी केली की प्रत्येक चौकोनाभोवती बारीक धूळ उठते. छपाईवाल्याला व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो म्हणून पाठवू नका, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. नाहीतर इतका वेळ जपलेल्या कडा पाठवतानाच जातात. फ्लेक्स किंवा स्क्रीन प्रिंटिंगसाठी चित्र आधीच आठ-दहा पटीने मोठं करून द्या. दुकानदाराने त्याच्याकडे मोठं केलं तर तो कुठली पद्धत वापरेल ते तुमच्या हातात राहत नाही.

पायरी ४: मराठी अक्षरं काढा

आता खरं काम. कागदावर करायचं असेल तर शाळेची आलेख वही पुरते. कॉम्प्युटरवर करायचं तर 'पिस्केल' हे ब्राउझरमध्ये चालणारं मोफत साधन घ्या.

सुरुवातीला प्रत्येकाला वाटतं की इंग्रजी ८मध्ये बसतं, तर मराठीही बसवू. बसत नाही. इंग्रजी मोठं अक्षर एका मजल्याचं आहे. आपलं तीन मजल्यांचं: वर मात्रा, वेलांटी, रफार आणि अनुस्वार, मध्ये अक्षराचं अंग, खाली उकार. शिवाय शिरोरेषा. ८ ओळींत हे सगळं कोंबलं की अंगाला चार ओळी उरतात आणि चार ओळींत 'ब' काढता येत नाही. १२ ओळींत कसंबसं जमतं. १६ ओळी घेतल्या की अक्षर मोकळा श्वास घेतं.

माझी १६ ओळींची वाटणी अशी: वर ४ ओळी, १ शिरोरेषा, अंगाला ७, उकाराला ३, आणि तळाशी १ ओळ रिकामी, म्हणजे खालच्या ओळीची मात्रा वरच्या उकाराला टेकणार नाही. सुरुवात 'व'पासून करा. खालच्या चित्रात फक्त शिरोरेषा आणि अंग दाखवलं आहे, ८ स्तंभ आणि ८ ओळी:

■■■■■■■■
□□□□□□■□
□□■■■■■□
□■□□□□■□
□■□□□□■□
□■□□□□■□
□□■■■■■□
□□□□□□■□

आणि हा 'ब':

■■■■■■■■
□□□□□□■□
□□■■■■■□
□■■□□□■□
□■□■□□■□
□■□□■□■□
□□■■■■■□
□□□□□□■□

दोन अक्षरांत फरक फक्त तीन पिक्सेलचा. पण तेवढ्यावर 'वांद्रे' आणि 'बांद्रे' वेगळे राहतात. पोटातली ती तिरकी रेघ ओळखू यायची तर गोलाच्या आत किमान तीन ओळी मोकळ्या हव्यात. अंगाला सात ओळी देण्याचं कारण हेच. 'व' आणि 'ब' नीट जमले की त्यांच्या मापाने बाकीची दंडाची अक्षरं पटापट निघतात: प, ष, न, त, ग, स.

चित्रात आणखी एक गोष्ट बघा. शिरोरेषा पहिल्या स्तंभापासून आठव्या स्तंभापर्यंत भिडलेली आहे, पण अंग दोन्ही बाजूंनी एकेक स्तंभ आत आहे. इंग्रजी पिक्सेल फॉन्टमध्ये दोन अक्षरांमधला स्तंभ पूर्ण मोकळा असतो. मराठीत तसं केलं तर शिरोरेषा तुटून शब्दाचे तुकडे होतात. अंतर अंगात ठेवायचं, रेघेत नाही. शब्द संपला की मग तीन-चार स्तंभ मोकळे सोडा.

सगळी अक्षरं ८ स्तंभांत बसवायचा हट्ट धरू नका. 'र'ला ६ पुरतात, कान्याला ३-४. 'क', 'झ', 'ण' यांना ९-१० द्या. 'ख'ला तर १२सुद्धा लागतील. 'ख'मध्ये आधीच्या 'र'चा पाय 'व'च्या गोलाला टेकलाच पाहिजे. एक पिक्सेल सुटला की 'खार'चं 'रवार' होतं.

कमी पिक्सेलमध्ये सगळ्यात आधी घात होतो तो म-भ आणि घ-ध या जोड्यांचा. 'भ' आणि 'ध' यांच्या डोक्यावरची रेघ डावीकडे तुटलेली असते. ती मोकळीक किमान दोन पिक्सेलची ठेवा, आणि डावीकडच्या टोकाला छोटी गाठ द्या. एकाच पिक्सेलची फट लांबून दिसत नाही, मग 'भांडुप'चं 'मांडुप' होतं आणि 'धारावी'चं 'घारावी' वाचलं जातं.

अनुस्वाराचा ठिपका २×२चा काढा आणि त्याच्या व शिरोरेषेच्या मध्ये एक ओळ रिकामी ठेवा. ती ओळ विसरलात तर ठिपका रेघेत बुडतो. एलईडीवर मात्र एकच ठिपका पुरतो, कारण पेटलेला दिवा त्याच्या आकारापेक्षा मोठा भासतो. मात्रा शिरोरेषेपासून वर डावीकडे जाणारी तीन पिक्सेलची तिरकी रेघ. 'डोंबिवली'तल्या 'डों'सारखी गर्दी असेल तर मात्रा डावीकडे झुकवा आणि ठिपका तिच्या उजवीकडे बसवा. चार ओळींत मावतं. रफार म्हणजे उजवीकडे उघडणारी छोटी आकडी, तीन पिक्सेल रुंद. ती कुठे बसते हे विसरू नका: 'कुर्ला'मध्ये रफार 'ल'वर येत नाही, त्याच्या कान्यावर येतो.

'ल' आणि 'श' या दोन अक्षरांवर थोडा जास्त वेळ द्या. मराठीत पाकळ्यांचा 'ल' आणि देठाचा 'श' आपल्या डोळ्यांना सवयीचे आहेत. बाहेरून उचललेल्या नमुन्यांत बहुतेक वेळा दंडाचा हिंदी वळणाचा 'ल' असतो. तो चुकीचा म्हणता येणार नाही, पण मराठी पाटीवर परका वाटतो. पाकळ्यांच्या 'ल'ला पिक्सेलमध्ये खरं तर कमी कष्ट पडतात: मधून उतरणारा देठ आणि दोन्ही बाजूंना सारखे गोल. 'ळ' आडव्या आठसारखा, सात-आठ स्तंभांत छान बसतो. आणि 'येणाऱ्या', 'दुसऱ्या' यांतला 'ऱ्या' वेगळा काढून ठेवा. शिरोरेषेच्या खाली, 'य'च्या डावीकडे झोपलेली बारीक कोयरी. हा मराठीत पदोपदी लागतो आणि तो नसला की लोक त्या जागी रफार ठोकून मोकळे होतात.

जोडाक्षरांत शक्य तिथे अर्धं अक्षर आडवं जोडा: श्व, ग्ज, म्ब. एकावर एक रचलेली जोडाक्षरं १६ ओळींत गुदमरतात. पण 'द्य', 'द्र', 'क्ष', 'ज्ञ', 'त्र', 'श्र' यांना स्वतंत्र चित्रच हवं. ती मोडून लिहिली की शब्द ओळखू येत नाही.

अगदीच अडखळायला झालं तर एक जवळची वाट आहे. 'मुक्त' हा मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा फॉन्ट १६ पिक्सेलवर ठेवा, अँटी-अलियासिंग बंद करा, शब्द टाइप करून आठपट मोठा करून बघा. सांगाडा मिळतो. त्यातली निम्मी अक्षरं तुटकी-फुटकी असतील, ती हाताने दुरुस्त करा. 'जीएनयू युनिफॉन्ट' या मोफत फॉन्टमध्येही देवनागरी १६ ओळींच्या चौकटीत काढलेली आहे. मात्रा आणि जोडाक्षरं त्यात नीट जुळत नाहीत, पण सुटं अक्षर कमीत कमी ठिपक्यांत कसं उभं करायचं हे बघायला तो उपयोगी आहे.

अंकांना शिरोरेषा नसते, म्हणून त्यांच्या दोन्ही बाजूंना एकेक स्तंभ मोकळा हवा. उंची शिरोरेषेपासून अंगाच्या तळापर्यंत, म्हणजे ८ ओळी. '१' आणि '९' लांबून एकमेकांसारखे दिसतात; '९'ची खालची शेपटी लांब ओढा. बेस्टच्या बसच्या कपाळावर वर्षानुवर्षं मराठी अंक आहेत. धावत्या बसचा नंबर वाचता येतो तो या शेपट्या आणि गाठी ठळक असल्यामुळेच. थांब्यावर उभे असाल तेव्हा ते अंक मुद्दाम न्याहाळा.

पायरी ५: स्टेशनांच्या नावांवर तपासा

क, ख, ग ओळीने काढून बघण्यात अर्थ नाही. अक्षर शब्दातच खरं कळतं. मुंबईच्या स्टेशनांची नावं ही त्यासाठी आयती कसोटी आहे. 'दादर' पहिल्या दिवशी जमेल. मग 'मुलुंड' घ्या: दोन उकार आणि एक अनुस्वार. 'कुर्ला'त खाली उकार आणि वर रफार. 'किंग्ज सर्कल'मध्ये वेलांटी आणि ठिपका एकाच अक्षरावर. 'ग्रँट रोड'मधला चंद्र आणि ठिपका चार ओळींत बसला तर तुमचा वरचा मजला पक्का झाला. 'विद्याविहार'चा 'द्या', 'जोगेश्वरी'चा 'श्व', आणि सगळ्यात शेवटी 'महालक्ष्मी', ज्यात तीन व्यंजनं आणि दीर्घ वेलांटी एकत्र येतात.

तपासताना पडद्यावर मोठं करून बघू नका. मोबाइलवर घेऊन, हात लांब करून बघा. मग अक्षरं न काढलेल्या माणसाला एकच सेकंद दाखवा आणि काय वाचलं ते विचारा. तुम्हाला शब्द आधीच माहीत असतो, त्यामुळे तुमचा डोळा चुका भरून काढतो. त्याचा काढत नाही.

पायरी ६: कुठे वापरायचं

*छापील पोस्टर.* ए३ कागद २९७ मिलिमीटर रुंद असतो. समास सोडून २७० धरा. एक चौकोन २ मिलिमीटरचा ठेवला तर ओळीला १३५ स्तंभ मिळतात, म्हणजे साधारण सोळा अक्षरं, आणि ओळीची उंची ३२ मिलिमीटर. शीर्षकाला भरपूर झालं. पिक्सेल अक्षर शीर्षकाला, तारखेला, ठिकाणाच्या नावाला वापरा. चार वाक्यांचं निवेदन यात लावू नका, डोळे दुखतात. निवेदनाला साधा, स्वच्छ मराठी फॉन्ट घ्या. तिथे दोन फॉन्ट शेजारी आले तरी हरकत नाही, कारण दोघांची कामं वेगळी आहेत. सावल्या, निऑनची झळाळी, पडद्यावरच्या आडव्या रेघा हे सगळं एकदम घालू नका. चौकोन स्वच्छ दिसले की काळ आपोआप उभा राहतो.

*एलईडी बोर्ड.* दुकानांवर आणि मंडपांत दिसणारे बहुतेक बोर्ड 'पी१०' पॅनेलचे असतात. एका पॅनेलवर ३२ स्तंभ आणि १६ ओळी, दिव्यांमधलं अंतर १० मिलिमीटर, त्यामुळे पॅनेलचं माप ३२०×१६० मिलिमीटर. आपली १६ ओळींची मराठी त्यात नेमकी बसते. 'कुर्ला' एका पॅनेलमध्ये येतं, 'महालक्ष्मी'ला दोन लागतात. ग्रँट रोड स्टेशनवरून चालत लॅमिंग्टन रोडला गेलात, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गाला, की पॅनेल आणि त्यावर काय दिसावं ते चालवणारं कंट्रोल कार्ड दोन्ही मिळतात.

इथे एक खाचखळगा आहे. पुष्कळ कंट्रोल कार्डांच्या ॲपमध्ये मराठी टाइप केलं की वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते आणि जोडाक्षरं पाय मोडून उभी राहतात. युनिकोडमध्ये 'कि' साठवताना आधी 'क' आणि मग वेलांटी असते. ती पुढे आणून दाखवायचं काम सॉफ्टवेअरने करायचं असतं आणि स्वस्त कार्डांत ते केलेलं नसतं. 'मराठी सपोर्ट नाही' असं दुकानात सांगितलं तर मान्य करू नका. मजकूर टाइप न करता १६ ओळी उंचीचं काळं-पांढरं चित्र म्हणून पाठवा. चित्र दाखवण्याची सोय बहुतेक कार्डांत असते, आणि तुम्ही काढलेलं अक्षर ठिपक्याला ठिपका तसंच उमटतं. शब्द बोर्डावर मावत असेल तर तो पळवू नका, स्थिर ठेवा. पळत्या अक्षरांत रफार आणि अनुस्वार आधी हरवतात.

*बिलाचा कागद.* थर्मल प्रिंटर हे पिक्सेल अक्षराचं घरच आहे आणि तिकडे फारसं कोणाचं लक्ष जात नाही. नेहमीच्या यंत्रांत एका मिलिमीटरला ८ ठिपके असतात आणि ५८ मिलिमीटरच्या रोलवर ओळीला ३८४. आपली १६ ओळींची अक्षरं जशीच्या तशी छापली तर २ मिलिमीटर उंच येतात, जरा बारीक. दुप्पट केली की ४ मिलिमीटर उंच आणि ओळीला साधारण चोवीस अक्षरं. पोळी-भाजी केंद्राचं नाव, दिवसाचा मेनू, नाटकाचं तिकीट, प्रदर्शनातली छोटी चिठ्ठी, सगळं मराठीत आणि देखणं होतं. इथेही चित्र म्हणूनच पाठवा.

*छोटे पडदे.* इंजिनिअरिंगची मुलं प्रकल्पात वापरतात तो १२८×६४चा ओलेड पडदा. त्यावर मराठीच्या चार ओळी, प्रत्येकीत सोळाएक अक्षरं. नोकिया ३३१०चा अख्खा पडदा ८४×४८चा होता. त्या मापाने आपल्याला जागा ऐसपैस आहे.

*मॅटीवरचं भरतकाम.* क्रॉस स्टिचमध्ये एक फुली म्हणजे एक पिक्सेल. आलेख वहीवरचं अक्षर मोजून थेट कापडावर उतरतं. घरात कोणी मॅटी भरणारं असेल तर त्यांच्यासोबत बसून 'श्री' किंवा बाळाचं नाव काढा. टाके मोजायची सवय असलेली व्यक्ती अक्षरातल्या चुका फार लवकर पकडते.

पायरी ७: फॉन्ट करायचा असेल तर

पोस्टर-बोर्डापुरतं काम असेल तर इथे थांबलात तरी चालतं. प्रत्येक अक्षराचं पीएनजी वेगळं ठेवा, नावं मराठीतच द्या: 'ब', 'बु', 'रफार', 'द्या'. पुढच्या कामाला तेच तुकडे जुळवता येतात.

टाइप करता येणारा फॉन्ट हवा असेल तर इंग्रजी अक्षरं आणि अंक आधी 'फॉन्टस्ट्रक्ट'वर विटा रचल्यासारखे बसवून बघा. ब्राउझरमध्ये चालतं, हात बसतो. मराठीसाठी मात्र नुसती चित्रं पुरत नाहीत. कुठल्या अक्षरानंतर कुठलं आलं की जोडाक्षर करायचं, रफार कुठे हलवायचा, 'ला'वर तो कुठे बसवायचा, हे ओपनटाइपचे, म्हणजे फॉन्टच्या फाइलमध्येच लिहून ठेवायचे, नियम म्हणून लिहावं लागतं. 'फॉन्टफोर्ज' या मोफत साधनात ते करता येतं. पहिल्याच झटक्यात सगळी जोडाक्षरं करायला जाऊ नका. स्वर, व्यंजनं, मात्रा, रफार आणि रोजची दहा-पंधरा जोडाक्षरं एवढ्यावर पहिला फॉन्ट पूर्ण करा आणि वापरायला लागा. काय राहिलं ते वापरातूनच कळतं.

परवान्याची फाइल दोन्ही वेळा वाचा, फॉन्ट घेताना आणि देताना. गुगल फॉन्ट्सवरचे वर सांगितलेले फॉन्ट एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत: पोस्टरला, दुकानाला, विकायच्या टी-शर्टला बिनधास्त वापरता येतात, फक्त फॉन्टची फाइल एकटीच विकता येत नाही. इतरत्र मिळणारे पुष्कळ 'मोफत' पिक्सेल फॉन्ट केवळ खासगी वापरासाठी असतात, ते मंडळाच्या प्रायोजित फ्लेक्सवर चालत नाहीत. 'मुक्त'चा सांगाडा घेऊन त्यावरून फॉन्ट केलात, तर तोही त्याच परवान्याखाली द्यावा लागतो. सगळी अक्षरं कोऱ्या जाळीवर काढली असतील तर निर्णय तुमचा, पण मी ती मोकळी सोडायला सांगेन. मराठीत आज अशा फॉन्टची गरज आहे, आणि तुमच्याकडे नसलेला 'ज्ञ' किंवा 'ह्य' दुसरं कोणीतरी काढून परत पाठवू शकतं. फाइलसोबत १६ आणि ३२ पिक्सेलवर टाइप केलेल्या स्टेशनांच्या नावांचं एक पान जोडा, म्हणजे घेणाऱ्याला योग्य आकार पहिल्यांदाच कळेल.